बीजेच्या चंद्राजवळचा धुरकट पट्टा

लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे नाही, हे जाणूनच ही पाने लिहितो आहे. आयुष्य महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले. स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याची वेळ कधी आली नाही. वाचकांनी हे धार्ष्ट्य पोटात घालावे.

निवृत्तीनंतर मी चंद्राची छायाचित्रे काढू लागलो. मुलाने डिजिटल कॅमेरा आणि लांबलचक टेलीफोटो लेन्स आणून दिली होती. बीजेची कोर मला विशेष प्रिय. शटर जरा अधिक वेळ उघडे ठेवले, की कोरीच्या कुशीतला अंधारा चंद्रही राखेच्या रंगात उमटतो. आमच्या गच्चीवरून यंत्रमागांच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर ती थोडाच वेळ दिसते, म्हणून माझी घाई असे. पत्नीची त्याहून अधिक. बीजेला पदराची दशी, म्हणजे एक सुटा धागा, चंद्राला वाहायची तिची पद्धत होती. जुने वस्त्र त्याने घ्यावे, नवे द्यावे.

"अगं, जरा बाजूला हो."

"मी पहले उभी होते. तुमच्या त्या तोफेला सांगा थांबायला."

"चंद्र थांबत नाही."

"मग त्याच्याकडं साडी कोण मागणार? तुम्ही तर आणत नाही."

बीजेच्या चित्रांत डाव्या कोपऱ्यात नेहमी एक फिकट, धुरकट पट्टा येई. पौर्णिमेला तो का नसतो, हे कळेना. लेन्सला बुरशी लागली असावी, असे समजून मी ती पुसत राहिलो. शेवटी इंदूरला दाखवून आणली. काच निर्मळ निघाली.

मागच्या वर्षी पत्नी अल्पशा आजाराने गेली. त्यानंतरच्या बीजेचे चित्र संगणकावर मोठे करून पाहिले, तर कोपरा स्वच्छ. तेव्हा उमगले. जिन्यातल्या दिव्याने उजळलेला तिचा उचललेला हात चौकटीच्या कडेला येत होता. इतक्या जवळच्या वस्तूचा ती लेन्स धूर करून टाकते. आता जुनी चित्रे उघडली, की चंद्राकडे लक्षच जात नाही. एका चित्रात पट्टा वर आहे, दुसऱ्यात खाली उतरतो आहे. धागा नुकताच सुटला असावा.

स्वच्छ कोपरा मला सोसवत नाही, हे एकदा सुनेजवळ बोलून गेलो. ती धूलकोट गावची, मोकळ्या स्वभावाची.

"पप्पा, मग मी उभी राहते ना तिथं. मम्मींचीच साडी नेसते, दशी बी वाहते. तुमचा पट्टा येऊन जाईल. फक्त फोटो बिघडला म्हणून मला बोलू नका."

पट्टा येईल, यात शंका नाही. अगदी तसाच येईल, आणि पुढे तारीख पाहिल्याशिवाय कोणता हात कोणाचा हे मला सांगता येणार नाही. ढगांचे निमित्त सांगून मी दोन बीजा टाळल्या. उद्या पुन्हा बीज आहे. आकाश निरभ्र आहे आणि सुनेने साडीला इस्त्री करून ठेवली आहे. तुम्ही तिला तिथे उभे राहू दिले असते का?