खांद्यामागची आडवी नळी

माझ्या धाकट्या बहिणीने आजवर माझ्यावर बऱ्याच जबाबदाऱ्या टाकल्या, पण ही सगळ्यांत चमत्कारिक होती. तिच्या मुलीच्या शर्यतीच्या गाडीतले पट्टे नीट बसलेत की नाही, ते मी स्वतः पाहून सांगायचं. मी हो म्हणालो तर मुलीने गाडी ट्रॅकवर न्यायची. मी नाही म्हणालो तर गाडी विकायची. दौंडहून तिने फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, तू पस्तीस वर्षं गणित शिकवलंस. तुला खोटं बोलता येत नाही, आणि माझ्या पोरीला खरं सांगता येत नाही."

भाची सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. शिरूरला माझ्याकडे राहते आणि कंपनीच्या बसने जाते-येते. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढणं हे तिचं काम. साठवलेल्या पगारातून तिने पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुनी छोटी गाडी घेतली. मागची सीट काढलेली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आणि चालवणाऱ्यासाठी घट्ट कवचासारखं एकच आसन. दौंडच्या अलीकडे एका खासगी जागेत डांबरी ट्रॅक आहे, तिथे घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात. तिला तिथे पळायचं होतं.

पट्टे तिने नवे मागवले. लाल, सहा टोकांचे. दोन टोकं खांद्यांवरून मागे जातात, दोन कमरेच्या बाजूंनी आणि दोन मांड्यांच्या मधून खाली. सगळी येऊन पोटावरच्या एका गोल चकतीत अडकतात. चकती फिरवली की सहाही एकदम सुटायला हवीत. नेहमीच्या गाडीतला पट्टा बसायला सांगतो; हा बांधून टाकतो. मला ती वस्तू फार आवडली. ज्याच्यात सहा बाजूंनी विचार केलेला आहे असं काही शिरूरमध्ये रोज पाहायला मिळत नाही.

काम दिलं ते गावातल्याच, घोडनदी भागातल्या एका मिस्त्रींना. त्यांच्या वडिलांपासून ते उसाच्या ट्रॉल्या बनवतात. पंचक्रोशीतल्या निम्म्या ट्रॉल्या त्यांच्या हातच्या, आणि त्यांचं वेल्डिंग तुटलेलं कुणी पाहिलेलं नाही. भाची त्यांना चाचा म्हणते. तिने कागदावर नकाशा काढून दिला आणि आठवडाभर पहिल्या पाळीला निघून गेली.

शनिवारी संध्याकाळी मी पाहायला गेलो. काम देखणं होतं. गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असतो. नुसता बोल्ट लावला तर जोराच्या ओढीने पत्र्यासकट उपटून येईल. म्हणून मिस्त्रींनी खालून जाड पोलादी पाट्या दिल्या होत्या, आणि पाटीच्या कडेने पत्रा कापला जाऊ नये म्हणून त्यांचे कोपरे गोल घासले होते. वर काळा रंग. आसनाच्या मागे, तळालाच, खांद्याच्या पट्ट्यांसाठी दोन भक्कम कड्या.

"बैल बांधा, सर," मिस्त्री म्हणाले. "बैल मरंल, कडी न्हाई निघायची."

मी आसनात बसलो. पट्टे खांद्यावरून मागे गेले आणि तिथून खाली, विहिरीत उतरणाऱ्या दोरासारखे. पट्ट्यांबरोबर आलेला माहितीचा कागद मी घरून आणला होता. त्यात बाजूने काढलेला माणूस होता आणि त्याच्या खांद्यामागे पट्टा जवळजवळ आडवा होता. खाली उतार द्यायचाच तर वीस अंशांपर्यंत, असं लिहिलं होतं. फळ्यावर वापरायचा माझा मोठा लाकडी कोनमापक निवृत्तीनंतर फणसाच्या आठळ्या वाळत घालण्याखेरीज कुठल्या कामाचा राहिला नव्हता. तो घरून आणला, मिस्त्रींचा ओळंबा मागून घेतला आणि मोजलं. पंचावन्न अंश.

"मिस्त्री, हे फार खाली ओढलंय."

"खालीच वढाया पायजे. वीस वरसं ट्रॉल्या भरताना बघतोय मी. खाली आवळल्याबिगर माल बसत न्हाई."

"हा माल नाही. माझी भाची आहे."

"मंग तर जास्तच आवळाया पायजे."

भाची आली, कागद पाहिला, कोन पाहिला आणि स्वतःचा नकाशा मागितला. तो वरून पाहिल्यासारखा काढलेला होता. कडी आसनामागे किती अंतरावर हे त्यात मिलिमीटरमध्ये होतं. किती उंचीवर, हे कुठेच नव्हतं. ती जागा तिने कोरी सोडली होती, आणि मिस्त्रींनी ती उसाने भरली होती.

"चूक माझी आहे, चाचा," ती म्हणाली. "पण कड्या कापाव्या लागतील."

मिस्त्रींनी ग्राइंडरकडे पाहिलंही नाही. "कागदवाल्यानं ट्रॉली भरलीया का कवा? उद्या कार्यक्रम हाय. उद्याच्याला कापाकापी न्हाई."

कार्यक्रम हे प्रकरण भाचीनेही ठरवलं नव्हतं. गाडीच्या उद्घाटनाचा हा घाट गल्लीतल्या पोरांनी परस्पर, मिस्त्रींच्या दुकानासमोरच, घातला होता. गाडीच्या दुप्पट लांबीचा फ्लेक्स लागला होता. त्यावर भाचीचा फोटो पासपोर्टाएवढा आणि उद्घाटक पाहुण्यांचा पूर्ण उंचीचा. पाहुण्यांनी पन्नाशी ओलांडून काही वर्षं झाली असली तरी फ्लेक्सवर ते युवा नेतृत्व होते. आमच्याकडे हे पद वयाने जात नाही.

रविवारी दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला. बहीण दौंडहून सकाळच्या एसटीने आली होती आणि पर्स मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीवर बसली होती. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, शाल देऊन झाली. भाषणात पाहुण्यांनी वेग आणि विकास यांचा संबंध जोडला, तो मला शेवटपर्यंत सापडला नाही. मग कुणीतरी म्हणालं, साहेबांचा गाडीत बसलेला फोटो पाहिजे.

साहेब हारासकट आसनात शिरले. निम्मं काम फोटोग्राफरने केलं, निम्मं त्यांच्या दोन कार्यकर्त्यांनी. पट्टे बांधूनच फोटो हवा होता. भाचीच्या हातात ओवाळणीचं ताट होतं, म्हणून मिस्त्री पुढे झाले. त्यांनी सहाही टोकं चकतीत बसवली आणि उसाच्या मोळ्यांवरचा दोर आवळावा तसे खांद्यांचे पट्टे ओढले.

साहेब मागे टेकले नाहीत. ते खाली गेले. खांदे दबले, मान नाहीशी झाली आणि हार कानांपर्यंत वर आला. चेहऱ्यावरचं हसू तेवढं फोटोसाठी जागेवर राहिलं.

"मिस्त्री," ते दबलेल्या आवाजात म्हणाले, "फोटो झाला का?"

"अजून एक, साहेब," फोटोग्राफर म्हणाला.

मिस्त्रींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आधी मला वाटलं, धीर देतायत. पण ते पट्ट्याखाली बोटं घालून काहीतरी चाचपत होते. मग त्यांनी पाहुण्यांना खांद्याला धरून थोडं पुढे हलवलं. पाहुणे पुढे सरकले, आणि जितके पुढे सरकले तितके आणखी खाली दबले.

"सोडा रे," पाहुणे म्हणाले.

सोडायचं कसं, हे गाडीला खेटून उभ्या असलेल्या कुणालाच सुचेना. एक कार्यकर्ता चकती दाबत होता, दुसरा उपटत होता. भाचीने ताट माझ्या हातात दिलं, खिडकीतून वाकली, चकती फिरवली, आणि सहाही पट्टे एकदम गळून पडले. साहेबांनी खाली उतरून शाल नीट केली आणि गाडी मजबूत असल्याचं जाहीर केलं. बहीण खुर्चीवरून हलली नव्हती. तिची नजर चकतीवर होती.

मांडव निघाला तेव्हा मिस्त्री ट्रॉलीच्या सांगाड्यावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"सर, ट्रॉली खड्ड्यातनं जाती, तवा माल वर उडतो," ते सावकाश म्हणाले. "म्हणून खाली बांधायचा. ही गाडी ठोकली तर पोरगी वर न्हाई उडायची. म्होरं जाईल. पट्टा तिला मागं धरायच्या ऐवजी खाली दाबणार. पाठीचा कणाच मोडंल की."

"हो."

"धक्का कुठनं येतो ते आधी इचारायला पायजे हुतं. किती अंश म्हणालात?"

ज्या गोष्टीचा कागद मी रात्रभर वाचला होता, ती त्यांनी एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवून काढली. कोनमापकाचा अभिमान वाटेनासा झाला.

कड्या त्यांनी त्याच दुपारी कापल्या. पिंजऱ्याच्या दोन खांबांमध्ये, भाचीच्या खांद्यांच्या उंचीला, आसनामागे आडवी नळी बसवायची ठरली. दुकानात पडलेला पाण्याचा पाइप त्यांनी स्वतःच बाजूला टाकला आणि पिंजऱ्याला वापरतात तशी बिनजोडाची नळी पुण्याहून मागवली. तिला भोक पाडायचं नाही, नळी तिथेच कमकुवत होते. पट्टा नळीभोवती फिरवून त्याच्यावरच्याच बकलातून उलटा ओवायचा. हे भाचीने दाखवलं. या वेळी तिने नकाशा बाजूनेही काढला होता. कमरेचे पट्टे पोटावर नव्हे, खुब्याच्या हाडांवर बसतात का, हेही तिने तपासलं. ती आसनात बसली असताना मी ओळंबा धरला. दहा अंश. मिस्त्रींनी तीनदा मोजायला लावलं.

पुढच्या आठवड्यात बहीण पुन्हा आली. मी तिला नळी दाखवली, पाट्या दाखवल्या, कोन सांगितला.

"म्हणजे धरेल," ती म्हणाली.

"धरायला पाहिजे."

"ते कळलं. धरण्याचं तुम्ही सगळ्यांनी बघितलंत. त्या दिवशी त्या माणसाला दोन कार्यकर्त्यांना मिळून सोडवता आलं नाही." तिने मुलीकडे पाहिलं. "बस आत. बांध."

भाची बसली. मिस्त्रींनी पट्टे ओढले. या वेळी ती आसनाला सपाट चिकटली, खांदे होते तिथेच राहिले.

"डोळे मीट," बहीण म्हणाली. "आता बाहेर ये."

खट् झालं आणि पट्टे सुटले. भाचीने दार उघडून पाय बाहेर टाकला.

"उजवा हात मोडलाय," बहीण म्हणाली. "परत बस."

डाव्या हाताने पहिल्या खेपेला चकती सापडली नाही. दुसऱ्या खेपेला सापडली, पण अर्धीच फिरली. मिस्त्री दर वेळी पट्टे पुन्हा आवळत होते. बहिणीने पर्स माझ्याकडे दिली आणि खिडकीजवळ जाऊन उभी राहिली.

सहाव्या खेपेला भाची डोळे मिटून, डाव्या हाताने, बाहेर आली.

"आता मामाला विचार," बहीण म्हणाली.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.