नाकावरची खळी

रोज चाळीस गणपतींच्या सोंडा ओल्या फडक्याने पुसणाऱ्या बाईला देवाचं काय अप्रूप! पेणला रामवाडीतल्या कारखान्यात मी शाडूच्या मूर्तींची सफाई करते, साच्यातून वाकडंतिकडं निघालेलं अंगठ्याने नीट करते. हात जोडायची सवय केव्हाच मोडली होती. त्यात लेक झाली ती नाकाच्या दांड्यावर बारीक खळी घेऊन. खळीत एकच काळा केस, आणि मधूनच पांढरं काहीतरी बाहेर यायचं. रोह्याच्या सासूबाई म्हणायच्या, "दाब गो, घाण हाय ती. निघून जाईल." डॉक्टरांनी मुंबईला दाखवायला सांगितलं होतं, पण सीझन तोंडावर आलेला. मी मेली चालढकल करत राहिले.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. दाराला मीच आतून कडी घातली होती. आठ महिन्यांची लेक गोधडीवर निजलेली, खळी लाल होऊन फुगलेली. ओल्या मूर्तीत हवेचा फुगा धरला की आम्ही सुई टोचतो नि अंगठ्याने दाबतो. म्हटलं, हे तरी वेगळं काय? सुई तापवली आणि तिच्यावर वाकले.

"नाय गो. टोचू नको. आत वाट हाय."

मागे मूर्तींच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. डोळे आखायचे राहिलेले ते सगळे गणपती, त्यांच्यात डोळे काय ते तिचेच. पायांवर मिठागरातल्या बायांसारखं मीठ सुकलेलं. तिच्या नाकाच्या दांड्यावर बोट जाईल एवढा खड्डा. "माझ्या टायमाला सांगणारं कोण नव्हतं," ती म्हणाली. हातातली सुई पडली. ती उचलून वर पाहते तर रांगेत नुसते गणपती. कडी होती तशीच.

दुसऱ्या दिवशी मुंबई गाठली. एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं, "टोचलं नाहीत ना? इथून आत वाट आहे, पार मेंदूच्या आवरणापर्यंत. जंतू आत गेले असते तर मूल हाताला लागलं नसतं." वाट हा शब्द ऐकला आणि मी तिथेच हमसून रडले. आधी औषधं, मग ऑपरेशन. पोर वाचली.

खाडीकाठच्या गावांत म्हातारीला पुष्कळ शोधलं. कुणालाच ठाऊक नाही. आता मी विचारणं सोडलंय. कसलंही वाकडं नाक ह्या अंगठ्याने सरळ होतं, ह्याचा मला माज होता. देवाने त्या दुपारी एवढंच मागितलं, की बाई, हात मागे घे. त्याचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत.

आता पहिल्या सोंडेला फडकं लावण्याआधी मी हात जोडते. पाच वर्षांची लेकही शेजारी उभी राहून जोडते, पण मूर्तीकडे नाही, रांगेतल्या त्याच रिकाम्या जागेकडे बघून. म्हातारीचं मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.