अण्णानं लंडनात काय खाल्लं?

मागाच्या खड्ड्यात सुताचे तुकडे साठतात ना, तसे आमच्या शहापूरच्या विणकर गल्लीत किस्से साठतात. झाडावेत तेवढे आणखी निघतात! पण माझ्या थोरल्या भावाचे, शंकरअण्णाचे, लंडनचे किस्से निघाले की हसायच्या आधी माझं डोस्कंच फिरतं. त्यापायी माझं लग्न मोडायला निघालं होतं!

अण्णा विलायतेला विणकाम शिकायला गेलता. परत आला तवर निपाणीत माझी सुपारी फुटलेली. लगेच सासरकडनं चुलतसासरे हजर. त्यांना सगळे तात्या म्हणत. जातीतले मोठे पंच, तोंडात कायम तंबाखूचा बार. म्हणाले, "पोरानं समुद्र ओलांडलाय. तिथल्या कुणाच्या हातचा एक घास जरी पोटात गेला असंल, तर सोयरीक मोडली!"

स्वतःची तंबाखू कुणाकुणाच्या हाताखालनं आली, ते कधी विचारलं होतं यांनी?

अण्णा म्हणाला, "कालेजात मी हातानं रांधून खायचो. संगं आपल्याकडचा सोबती होता, त्याला विचारा."

"आन लंडन बघाय एकटाच गेलतास, त्या दिवशी कोण बघत हुतं?"

झालं! अख्खी गल्ली आमच्या सोप्यात जमली आणि अण्णाच्या त्या एका दिवसाची चौकशी सुरू झाली. मी दाराआड.

*

"मुळात शिकायचं सोडून फिराय गेलासच कशाला?"

"अमावास्या हुती तात्या."

अमावास्येला आमच्यात माग बंद. हात लावायचा नाही म्हणजे नाही. अण्णानं तिथल्या मास्तरसाहेबाला तसंच सांगितलं. साहेब लालेलाल! "चंद्र दिसत नाही म्हणून माग बंद? इथं सूर्यसुद्धा आठ-आठ दिवस दिसत नाही, मग काय गिरण्या बंद करू?"

अण्णानं माग चालवला नाही तो नाहीच. सुट्टी टाकली, लंडनच्या आगगाडीत बसला. पण आमची गल्ली पेटली ना! "अमावास्येला माग चालवत्यात? म्हणूनच त्यांच्या कापडात जीव न्हाय!"

*

पहिल्यांदा गेला राजाचं घर बघायला. आईनंच सांगितलं होतं, ज्याचं राज्य त्याचं दार तरी बघून ये. दारात शिपाई, डोक्यावर रांजणाएवढी केसाळ टोपी. अण्णानं रामराम केला. शिपाई हलेना की बोलेना.

आई चुलीपासनं ओरडली, "दारात माणूस आला आन पाण्याचं इचारलं न्हाय? माझ्या येळ्ळूरच्या थोरल्या भैनीच्या दारात कोण बी येऊ दे, गूळपाणी मिळतंय! कसला राजा ह्यो?"

*

मग म्युझियम. तिथं काचेच्या कपाटात आपला देव! ना फूल, ना दिवा. अण्णानं तिथल्या तिथं बूट काढले आणि हात जोडले. राखणदार धावत आला, "बूट घाला!" अण्णा म्हणाला, "आधी देवाचं दार उघडा." दोघंही हटेनात. शेवटी त्यानं अण्णाला बुटांसकट बाहेर काढलं!

आईनं विचारलं, "आन देवाची आंघोळ?"

"पिसाच्या झाडूनं धूळ झटकत्यात."

"देवाला झाडू!" आई त्या दिवशी जेवली नाही.

*

तात्यांना ह्यातलं काहीच नको होतं. "खाल्लंस काय ते बोल!"

अण्णा बागेतल्या बाकावर डबा उघडून बसलेला. स्वतः केलेल्या पोळ्या आणि आईनं दिलेली लसणाची शेवटची चटणी. शेजारी एक गोरी म्हातारी येऊन बसली. आता शेजाऱ्याला न विचारता घास कसा घ्यायचा? अण्णा म्हणाला, "या जेवायला." आपल्यात समोरचा म्हणतो, "चालू द्या, आत्ताच झालं." ही बाई सरकून बसली आणि जेवायलाच लागली!

पहिल्याच घासाला तिचा ठसका. डोळ्यांतनं पाणी. पोलीस पळत आला, "काय चारलंस बाईला?" तर म्हातारी पोलिसालाच डाफरली, "लांब सरक, मी जेवतेय!"

तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे तिच्या हातचं तू न्हाय खाल्लंस, तुझ्या हातचं तिनं खाल्लं?"

"व्हय."

"मग बाटली ती! तिच्या पंचांनी काय ते बघावं!"

गल्लीनं सुस्कारा सोडला. मीही सोडला. पण तात्या कसले सोडतात? "एवढं खाल्लं, आन डबा रिकामाच परत दिला?"

अण्णानं मान खाली घातली. "दोन बिस्किटं घातली तिनं."

असा संताप आला मला अण्णाचा! एकदा खोटं बोलला असता तर काय जीभ झडली असती?

"खाल्लीस?"

"न्हाय. पर प्रेमानं दिलेलं टाकवंना, आन खाववंना. ट्रंकेत हाईत."

आणली. तात्यांनी एक बिस्किट उलटंपालटं केलं, हुंगलं. "ह्यात काय असतंय?"

"पीठ, साखर, लोणी."

"आन काय?"

"ठावं न्हाय."

"म्हंजे तपास कराय पायजे."

तात्यांनी तंबाखू थुंकली, चूळ भरली, आणि सगळ्या गल्लीदेखत बिस्किट तोंडात टाकलं! नुसता कुडुमकुडुम आवाज.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढं होऊन विचारलं, "मग तात्या, लग्नाची तिथी कवाची धरायची?"

तात्या चघळत म्हणाले, "थांबा आक्का. एकावरनं काय कळंना. ते दुसरं द्या हिकडं."