नालीवरचा उतार

"मॅडम, एक इंजेक्शन देऊन मोकळ्या व्हा." त्या उन्हाळ्यात मला निदान सहा-सात जणांनी हे सांगितलं. त्यातले एक तर माझ्याच शाळेतले गुरुजी, मुलांना परिपाठात भूतदयेवर बोलणारे. आमच्या कुत्र्याच्या मागच्या पायांतला जोर गेला होता, एवढाच त्याचा गुन्हा. नजर ठीक होती, भूक ठीक होती. मी शाळेतून आले की शेपटी ओट्यावर धपाधप आपटायचा. फक्त पायऱ्या उतरता येत नव्हत्या. तेवढ्यासाठी मारायचं?

आमचं गाव रिसोडपासून जीपनं अर्ध्या तासावर. मी इथल्या शाळेत शिकवते. नवरा अकोल्याला नोकरीला, शनिवारी येतो. कुत्रा सासऱ्यांनी आणलेला. रस्त्याचं काम करणाऱ्या एका कंत्राटदारानं त्याला गिट्टीच्या ढिगावर राखणीला बांधला होता. काम संपल्यावर त्या माणसानं डांबराची रिकामी पिंपंसुद्धा ट्रकमध्ये भरून नेली आणि कुत्रा साखळीसकट तिथंच सोडला. सासरे त्याला घेऊन आले तेव्हाच तो वासराएवढा होता. अल्सेशियनच्या तोंडवळ्याचा, पण त्याहून आडवा. त्याला दहा वर्षं झाली. सासरे जाऊन तीन.

जनावरांच्या दवाखान्यात न्यायला मालवाहू ऑटो केला. तिथं पोचले आणि डोकंच फिरलं. दवाखान्याला पाच पायऱ्या. जनावरांच्या दवाखान्याला! आत बसून कुणी हे बांधायला सांगितलं असेल, त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. डॉक्टर मात्र भला माणूस. स्वतःच खाली आला.

"मी म्हशीबी इथंच तपासतो, लिंबाखाली," तो म्हणाला. कुत्र्याचं कंबरेचं हाड चाचपून त्यानं सांगितलं, "सांधे झिजले. गोळ्या देतो. पण पायऱ्या बंद करा. उतार करून द्या त्याले."

गोळ्यांसाठी वजन हवं होतं आणि दवाखान्यात काटा नव्हता. शेवटी समोरच्या आडतीत सोयाबीनच्या काट्यावर त्याला बसवला. सेहेचाळीस किलो. हमाल हसत होते, तो मात्र शहाण्यासारखा बसून राहिला.

उतार करायचा म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक! आमच्या घराचा ओटा उंच, त्याला तीन पायऱ्या. गोठ्यात सासऱ्यांची मोडकी बैलबंडी पडून होती, तिच्या फळ्या काढल्या. पहिला उतार फारच उभा झाला. कुत्र्यानं एक पाय ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मागं वळून बसला. मग लांब फळ्या जोडल्या. पाय घसरू नयेत म्हणून वर खताची प्लास्टिकची पोती ठोकली. ती आणखीच गुळगुळीत! तो पोटावर घसरत खाली आला, हनुवटी आपटली. त्या दिवशी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. शनिवारी नवऱ्यानं दर वितीवर एकेक आडवी पट्टी मारून दिली आणि वर तागाचं बारदान लावलं. पोटाखालून जुन्या लुगड्याची झोळी घालून मी मागचा भार उचलायची, रविवारपर्यंत पुढं नवरा भाकरीचा तुकडा घेऊन उभा, मग मी एकटीच. चौथ्या दिवशी तो आपल्या पायानं अंगणात उतरला. मला रडू आलं.

तेव्हाच शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, गुडघे धरलेले, हातात काठी. बराच वेळ बघत राहिल्या.

"चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पण तुह्या सासऱ्याले दोन माणसं धरून उतरवत होते. दोन वर्सं. तवा नाही सुचलं तुले हे?"

मी फणकारले. "काकू, तेव्हा मले कोणी सांगितलं काय?"

"कुत्र्यासाठी तरी कोणी सांगितलं?"

"डॉक्टरनं."

"मंग त्यायच्या डॉक्टरनं नसन सांगितलं," म्हणत त्या गेल्या.

मी दिवसभर काकूंवर चिडून होते. संध्याकाळी भाकरी थापताना कळलं की राग त्यांच्यावर नाहीच. सासरे अंगणातल्या मोरीपर्यंत जायला माणसांची वाट बघत ओट्यावर ताटकळत बसायचे. म्हातारपण असंच असतं, असं मी धरून चालले होते. त्यांच्या डॉक्टरनं आम्हाला गुडघ्याचं तेल दिलं होतं, पायऱ्यांबद्दल एक शब्द नाही. आणि आम्हा घरातल्यांना तरी काय झालं होतं? फळ्या तर तेव्हाही गोठ्यातच होत्या.

दुसरा उतार फाटकाबाहेर केला. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा तो फाटकापेक्षा हातभर उंच झाला, आणि मधे उघडी नाली. कुत्रा रस्ता ओलांडून समोरच्या मोकळ्या जागेत जायचा, ती त्याची रोजची वाट. नालीवर फळ्यांचा रुंद उतार टाकला. खालून पाणी जायला जागा ठेवली. चार दिवसांत काकूही त्यावरूनच जायला लागल्या. मागं एकदा त्यांनी ग्रामपंचायतीत अर्जही दिला होता, नालीवर फरशी टाकून द्या म्हणून. त्याचं काही झालं नव्हतं.

दोन आठवडे गेले नसतील. मी शाळेत असताना ग्रामपंचायतीची दोन माणसं आली आणि नाली साफ करायची म्हणून उतार उखडून बाजूला फेकून गेली. फाटक उघडंच टाकलं. कुत्रा नेहमीसारखा निघाला आणि जिथं उतार होता तिथं पाय टाकला. पुढचं धड नालीत, मागचं वर. सेहेचाळीस किलोचं जनावर काकूंना कसं उचलणार? त्यांनी हाका मारून माणसं गोळा केली, तोवर काठीला टेकून त्याच्याशी बोलत बसल्या. मी आले तेव्हा तो अंगणात पडला होता, चिखलानं भरलेला, कोपराचं कातडं सोललेलं.

गल्लीच्या टोकाला एका पुढाऱ्याचं घर आहे. गाडी आत घ्यायला त्यानं नालीवर पक्कं काँक्रीट ओतलंय. तिथं पाणी तुंबतं, डास होतात. त्याला कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ओट्याचा उतार काढून ऑटोत घातला, कुत्र्याला घातलं, आणि ग्रामपंचायतीपुढं उतरले. तिथंही चार पायऱ्या. खाली एक म्हातारा धोतर सावरत बसलेला. हयातीचा दाखला हवा होता त्याला. आतून साहेब खाली येतील म्हणून सकाळपासून थांबला होता. मी पायऱ्यांवर उतार टाकला. कुत्रा दमत, थांबत वर चढला. त्याच्या मागं म्हातारा चढला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून.

ग्रामसेवक खुर्चीतून उठलाच. "मॅडम, कुत्रं घेऊन कायले आल्या? बाहेर बांधा त्याले!"

"बाहेर बांधायसाठी नाही आणलं. तुमच्या माणसायनं काय केलं ते पाहा," म्हणून मी त्याचा सोललेला पाय दाखवला.

"ते अतिक्रमण होतं."

"आणि टोकाचं काँक्रीट काय हाय? बगीचा?"

तो कागद चाळायला लागला. "लेखी अर्ज द्या, पाहू."

"काकूनं दिला होता. काय पाहिलं?"

तेवढ्यात म्हातारा टेबलाशी येऊन पोचला आणि म्हणाला, "साहेब, मी जिता हाय. लिहा."

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. जिवंत असल्याचा दाखला घ्यायला माणसानं ज्या पायऱ्या चढायच्या, त्या चढता येत नाहीत म्हणून तो खाली बसून राहतो, यात हसण्यासारखं काय आहे? पण दाखला त्याला तिथंच मिळाला.

मला काहीच मिळालं नाही. अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर आजवर नाही. नालीवरचा उतार मी पुन्हा केला, या वेळी बिजागरीचा, भिंतीला टेकवून ठेवता येईल असा. साफ करायला आले की उचला म्हणून पंचायतीच्या माणसांना सांगितलं. ती बिचारी म्हणाली, आम्हाले सांगितलं ते आम्ही केलं. कुत्रा त्यावरून पुढचा पोळा होईपर्यंत रोज गेला. नंतर एके दुपारी ओट्यावरच झोपेत गेला. समोरच्या मोकळ्या जागेत त्याला पुरलं. काकू आल्या होत्या.

ओट्याचा उतार आता आम्हाला नको होता. तो मी ग्रामपंचायतीला नेऊन दिला, पायऱ्यांवर स्वतः बसवून. पंधरा दिवसांनी एका कागदासाठी गेले. उतारावरून शिपायानं आपली मोटारसायकल वर चढवून व्हरांड्यात सावलीला लावली होती, आणि एक बाई गाडीच्या हँडलखालून वाकून आत जायची वाट शोधत होती.

मी तिथंच उभी राहून गाडी खाली उतरवायला लावली. शिपाई कुरकुरला, "मॅडम, ऊन किती हाय!" मी म्हटलं, हाय. आता दर सोमवारी शाळेत जाताना त्या बाजूनं वळते, आणि व्हरांड्यात गाडी दिसली की आत जाऊन सांगते. त्यांना माझा कंटाळा आलाय. येऊ दे.