न उच्चारलेला ‘नाही’

घाटाकडे जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबत असे. मागून दुसरे इंजिन जोडल्याशिवाय तिला खंडाळ्याचा चढ झेपत नसे, आणि ते जोडले जाईपर्यंतची काही मिनिटे वडेवाल्यांची असत. विजेची इंजिने येण्यापूर्वीचा हा काळ. त्या मिनिटांत फलाटावर विक्री जोरात होई आणि भांडणेही. वडा गार आहे, पान फाटके आहे, आधी हात मी पुढे केला होता. गाडी हलली की बहुतेक भांडणे मिटत, कारण एक पक्षच निघून जाई.

माझे भांडण तसे मिटले नाही. माझी गाडी हलणार नव्हती. आई आणि मी मुंबईहून येऊन कर्जतला उतरलो होतो आणि खोपोलीच्या गाडीला तासभर अवकाश होता. आईचे माहेर खालापूरच्या बाजूचे. तिला तिथे पोहोचवायचे होते. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात सहा महिन्यांचा उपसंपादक होतो. इतरांच्या मजकुरातल्या चुका काढणे हे माझे काम होते आणि ते मला जरा जास्तच आवडत असे.

चातुर्मास चालू होता. ते चार महिने आई कांद्याला शिवत नसे. तिला बाकावर बसवून मी वडे आणायला गेलो. वडेवाला चाळिशीचा, दंडावर परवान्याचा पितळी बिल्ला, डोक्यावर पाटी. पाटीमुळे त्याला मान हलवता येत नव्हती. पुण्याच्या गाडीला मागचे इंजिन नुकतेच लागले होते आणि ते वाफ सोडत होते. मी विचारले, “वड्यांत कांदा आहे का?” त्याने उत्तर दिले. मी चार वडे घेतले.

आईने पहिला घास घेतला, थांबली, आणि तो तोंडातून काढून पानावर ठेवला. “कांदा हाय रं ह्यात,” एवढेच म्हणाली.

मी पान घेऊन परत गेलो. वडेवाल्याने अर्धवट वडा पाहिला आणि हात मागे घेतला.

“उष्टं परत घेत नाय, साहेब.”

“परत घेऊ नकोस. कांदा नाही असं का सांगितलंस, ते सांग.”

“मी हाय म्हनालो.”

“नाही म्हणालास. मी स्वतः ऐकलं.”

“हाय म्हनालो, साहेब. वडा माझा, कांदा माझा, मी कशाला लपवू?”

खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. एकाने आवाज दिला, “अरे, साहेबांचा कांदा वेचून दे बाजूला!” दुसरा म्हणाला, “आणि साहेबांना गंगेवर धाड!” लोक हसले. मला राग वडेवाल्याचा आला होता की त्या हसण्याचा, हे आज सांगता येणार नाही. मी म्हणालो, “तू खोटं बोलतोस,” आणि त्याला घेऊन स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेलो.

मास्तरांनी तक्रारीचे पुस्तक काढले, पण लगेच हातात दिले नाही. “याच्यावर आधीच्या दोन आहेत,” ते म्हणाले. “तिसरी झाली की ठेकेदार बिल्ला काढून घेतो. मग याला फलाटावर पाय ठेवता यायचा नाही. लिहायचंच का?”

वडेवाला पाटी खाली ठेवून दाराशी उभा होता. त्याने बिल्ल्यावर हात ठेवला होता. विनवणी मात्र केली नाही.

“लिहायचंच,” मी म्हणालो.

मजकूर मला आजही पाठ आहे: ‘वड्यांत कांदा आहे काय, असे स्पष्ट विचारले असता विक्रेत्याने “नाही” असे स्पष्ट उत्तर दिले.’ एका वाक्यात ‘स्पष्ट’ दोनदा. दुसऱ्याचे असते तर मी एक खोडला असता.

एवढ्यात आई दारात आली. “काय लिवलंस ते वाच बघू,” म्हणाली. मी वाचले. तिने वडेवाल्याकडे पाहिले.

“कुठला रं तू?”

“नेरळच्या अंगाला गाव हाय, आये.”

“तुज्या घरात ‘नाही’ असं कोन म्हनतं?”

त्याला प्रश्नच कळला नाही. “कुनी नाय बा,” तो म्हणाला.

मास्तर हसले. आई हसली नाही. मला म्हणाली, “ऐकलंस? आमच्यात ‘नाही’ कुनी म्हनतच नाय. मग तू लिवलंस ते कोनाचं?”

“मग तो ‘नाय’ म्हणाला असेल. अर्थ तोच.”

“आसंल. नायतर ‘हाय’ म्हनला आसंल. त्या वाफेत तुला काय ऐकू आलं, ते तुला तरी ठाव हाय का?”

मी आठवून पाहिले. आठवले ते फक्त शब्दाचे शेपूट, ‘आय’. त्याआधीचे अक्षर वाफेने खाल्ले होते. मला वडे हवे होते, म्हणून मी तिथे सोयीचे अक्षर बसवले होते, आणि मग ते शुद्ध करून अवतरणचिन्हांत घातले होते.

मी पान फाडायला गेलो. मास्तरांनी मनगट धरले. “पानांना आकडे आहेत. फाडता येत नाही. काय ते खाली लिहा.”

खाली लिहिले: ‘विक्रेत्याने उच्चारलेला शब्द मला पूर्ण ऐकू आला नाही. “नाही” हा शब्द माझा आहे. तो “हाय” म्हणाल्याचे सांगतो; ते खोटे मानण्यास माझ्याकडे आधार नाही.’

मास्तरांनी ते दोनदा वाचले. “यात तक्रार कुठे राहिली?” म्हणत त्यांनी दोन्ही मजकुरांवर आडवी रेघ ओढून सही केली. वडेवाल्याने पाटी उचलली. मी त्याला खोटारडा ठरवले होते, तो मला फक्त म्हणाला, “आयेला केळी घ्या, साहेब. पलीकडं मिळत्यात.” आईने उरलेले तीन वडे माझ्याकडे सरकवले. “तुला कांदा चालतो ना? मग खा आता.”

त्यानंतर बरीच वर्षे मी वार्ताहरांचा मजकूर तपासला. अवतरणचिन्ह दिसले की विचारायचो, हे शब्द त्याचेच का? या प्रश्नाने काही माणसांची अब्रू वाचली असावी, माझी तर नक्कीच वाचली. तो मला वृत्तपत्राच्या कचेरीत कोणी शिकवला नाही. एका बाईने आणि एका वडेवाल्याने शिकवला आणि दोघांनीही त्याबद्दल मला कधी ऐकवले नाही. हे ऋण मी आनंदाने वागवतो.

त्या वेळी खालापूरहून आठ दिवसांनी परतताना तो पुन्हा दिसला. बिल्ला दंडावर होता. पाटीच्या काठाला सुतळीने एक अख्खा कांदा टांगलेला. इंजिन वाफ सोडत होते आणि खिडकीतून एक बाई काहीतरी विचारत होत्या. त्याने तोंड न उघडता हात वर नेला आणि कांदा हलवून दाखवला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली, आणि त्या सगळ्या गोंगाटावर आवाज चढवून तो ओरडला, “साहेब, हाय बरं का! हाय!”

या वेळी मला पूर्ण ऐकू आले.