जोतिबाच्या डोंगरावरचे चाळीस फोटो

हसू नका म्हणून सांगणार नाही, तुम्ही ऐकणार थोडंच? फक्त कप आधी खाली ठेवा. मागं एकाला हे सांगितलं तर त्याच्या नाकातनं चहा आला होता!

तर झालं असं, मोबाईलवर चांगले फोटो कसे काढायचे, याचे व्हिडिओ बघायचं मला वेड लागलं. काच पुसा. उजेड बघा. माणूस मधोमध नको, जरा कडेला घ्या. बायकोनं जेवायला वाढलं की मी ताट घेऊन खिडकीकडं पळायचो. शेवटी ती म्हणाली, "आता फोटोच खावा. भाकरी मी गाईला घालतो!"

त्यात नेसरीच्या आत्याचा फोन आला. माझे वडील सोडले तर आत्याला दोन भाऊ, म्हणजे माझे दोन चुलते. थोरले तात्या, धाकटे आण्णा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं दोघांचं नऊ वर्षं बोलणं बंद. शेताला बांध एकच, पण एक आला की दुसरा पाठ करणार.

"दोघास्नीबी जोतिबाला बोलीवलंय," आत्या म्हणाली. "शेजारी शेजारी हुबं करून एक फोटू पायजे मला. मग खुशाल भांडू देत. तुला येतंय न्हवं चांगला काढाय?"

"आत्या, हे काय विचारणं झालं?"

बघा, इथंच माती खाल्ली!

दर्शन झालं. ऊन असं, की पायरीवर पाय ठरेना. मी नवा गॉगल चढवला, आत्याच्या पदरानं फोनची काच पुसली, आत्याला पायरीवर बसवलं आणि मागं दोघा भावांना उभं केलं. दोघांच्या मध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर!

फोन आडवा धरला, तर पडदा काळाकुट्ट. मला वाटलं, उन्हामुळं. असल्या गॉगलातनं आडवा फोन काळाच दिसतो, हे मागनं कळलं. पण गॉगल काढतोय कोण? तो लावल्यावर मी खरा फोटोग्राफर वाटत होतो की! आणि एवढं शिकलेल्या माणसाला पडदा कशाला लागतोय? अंदाजानं बटण दाबायला सुरुवात केली.

वर मला खोडी सुचली.

"तात्या, आत सरका. फोटोत बसंना!"

तात्या वीतभर सरकले.

"अजून! आण्णांचा कान कापला जातोय."

"ऱ्हाऊ दे कापलेला," तात्या आभाळाकडं बघत म्हणाले. "न्हाय तर ऐकतोय कुणाचं?"

आण्णा आत्याकडं बघून उसळले. "सांग तुज्या थोरल्याला…"

"गप हुबं ऱ्हावा दोघंबी!" आत्या कडाडली.

मग काय, मी सुटलोच. "खांद्यावर हात टाका. हां! हसा. दात दाखवा. असं, माझ्यासारखं!" म्हणून मी आ वासून दाखवायचो आणि बटण दाबायचो. शेवटी दोघांचे हात एकमेकांच्या खांद्यावर पडले. आत्यानं डोळ्याला पदर लावला. चाळीस फोटो काढले हो मी!

मग सावलीला एका चहाच्या टपरीवर बसलो. आत्या म्हणाली, "दाव की रं."

मी गॉगल काढला. ऐटीत फोन उघडला.

पहिला फोटो. मी. खालनं काढलेला, दोन नाकपुड्या आणि गॉगल.

"ह्यो चुकून आला वाटतं," मी म्हणालो.

दुसरा. मी. तिसरा. मी, तोंड जरा मोठं. दहावा, बारावा, विसावा… मी, मी, मी! आ वासलेला, किंचाळणारा, दात दाखवणारा! दर्शनानंतर तोंडावरचा गुलाल पुसायला मी फोनचाच आरसा केला होता, आणि कॅमेरा परत फिरवायचा राहिला होता.

आत्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता चपला निघणार.

आण्णांनी फोन हातात घेतला. निरखून बघितला. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा थोरल्या भावाकडं वळून म्हणाले,

"दादा, ह्येच्या दातात काय अडकलंय वो?"

तात्यांनी चष्मा वर केला. "मोठा कर की जरा… मेथी हाय रं!"

"मला पालक वाटालाय."

"खुळा काय? मेथीच हाय. पान बघ."

आणि दोघं जे हसत सुटले! एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. आत्याबी हसाय लागली.

"आता, आता काढा कुणीतरी!" मी ओरडलो.

टपरीवाल्या मावशींनी आण्णांच्या हातातनं फोन घेतला, कॅमेरा फिरवला आणि एकदाच बटण दाबलं. काय फोटो आलाय म्हणून सांगू! तोच आता आत्याच्या सोप्यात, दारातनं आत आल्या आल्या दिसेल असा लावलाय.

फोन परत देताना मावशी मला समजावून म्हणाल्या, "सोपं असतंय पावणं. ज्येचा फोटू काढायचा, त्येच्याकडं कॅमेरा करायचा. बास!"

मी नुसती मान डोलावली. बोलणार कसा? तोंड उघडलं की मेथी दिसायची!