वादळाने उतरवलेल्या गावी

आयर्लंडला जायचं नक्की झालं, त्या दिवसापासून माझी प्रार्थना कोरडी पडत गेली. घरी रोज संध्याकाळी ओट्यावर जपमाळेची रोजरी व्हायची. पप्पा, भाऊ, वहिनी, मी आणि माझी सहा वर्षांची लेक सारा. ओठ सगळ्यांबरोबर हलत असत, पण मन त्यात नसे. माझा नवरा नेल्सन तिथल्या एका इस्पितळात नर्स म्हणून वर्षभर आधीच रुजू झाला होता. तिथे घर बघून ठेवलं होतं, साराची शाळाही ठरली होती. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वसईतली आमची वाडी, आई गेल्यापासूनचा पप्पांचा एकटेपणा, मी शिकवायचे ती मराठी शाळा आणि तिथली मुलं यांच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. त्यात साराला दमा. इथल्या दमट हवेतसुद्धा तिची छाती वाजायची, तर त्या थंडीत तिचं काय होईल? सगळे नमो मरिया म्हणत असताना मी मनातल्या मनात एकच मागत असे, देवा, काहीतरी होऊ दे आणि हे जाणं टळू दे. काहीच झालं नाही. देवाने ऐकलं नाही, अशी मनात अढी घेऊनच मी विमानात बसले.

वाटेत आखातात विमान बदलायचं होतं. तिथे सारा "मम्मा, मला भूक लागली" म्हणाली आणि मागून एक आवाज आला, "अगं बाय, मराठी बोलतेस तू?" वळून पाहिलं तर नऊवारी नेसलेल्या, अंगावर पुरुषी जाकीट चढवलेल्या एक काकी. नालासोपाऱ्याच्या तुळिंजमधल्या. मुलगा आयर्लंडमध्ये, सुनेचे दिवस भरत आलेले, म्हणून बाळंतपणासाठी एकट्या निघाल्या होत्या. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून केळीच्या वाळक्या सोपात बांधलेली सुकेळी, म्हणजे वसईकडची उन्हात वाळवलेली केळी, काढली, एक साराच्या हातात दिलं आणि तेव्हापासून माझा हात सोडला नाही. खरं सांगायचं तर मला ते थोडं ओझंच वाटलं. स्वतःला सांभाळता सांभाळता पुरेवाट झालेली, त्यात आणखी एक माणूस.

पुढचं विमान भरलेलं होतं. दारातच माझी हातातली बॅग कर्मचाऱ्यांनी खाली सामानात टाकायला घेतली. सारा खांद्यावर झोपली होती, पाठीमागे रांग खोळंबली होती. बॅग दिली आणि पुढे गेले. त्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात साराचा दम्याचा पंप होता, हे लक्षात आलं तेव्हा आम्ही ढगांच्या वर होतो. काही तासांचाच प्रश्न आहे, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

डब्लिन जवळ आलं आणि विमान हलायला लागलं. आधी खड्ड्यांतून एसटी जावी तसं, मग एकदम खाली गेल्यासारखं. लोक ओरडले. खिडकीबाहेर धावपट्टी दिसली, चाकं टेकणार एवढ्यात विमान पुन्हा जोरात वर उचललं गेलं. साराने ओकारी केली. मी तिचं तोंड पुसत होते आणि माझ्या तोंडून एकही प्रार्थना निघत नव्हती. शेजारी काकींनी डोळे मिटून जीवदानी आईचा धावा सुरू केला होता. मध्येच डोळे उघडून त्या म्हणाल्या, "तू गप का? तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या आयेला सांगते. दोघांतलं कोन तरी ऐकंल."

"काकी, माझ्या देवाशी माझं सध्या बोलणं नाही," मी म्हणाले.

"मग रागवून सांग. पन सांग."

त्या तशा हेलकाव्यातही मला हसू आलं. मी क्रुसाची खूण केली आणि अनेक महिन्यांत पहिल्यांदा मनापासून दोन शब्द बोलले, "आम्हाला सांभाळ." कुठे, कसं, काही सांगितलं नाही. सुचलंच नाही.

डब्लिनला वाऱ्यामुळे उतरणं अशक्य होतं. विमान वळवून पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान विमानतळावर उतरवलं. टाळ्या वाजल्या, काकींनी जमिनीला हात लावून नमस्कार केला. पासपोर्टवर शिक्के बसले आणि आम्ही बाहेरच्या दालनात येऊन थांबलो. नेल्सनला फोन लागला. तो तिकडे डब्लिनच्या विमानतळावर आमची वाट बघत उभा होता. "मी गाडी घेऊन निघतो, पण रस्त्यांवर झाडं पडलीत, वेळ लागेल," तो म्हणाला. सामान मात्र मिळेना. एवढ्या वाऱ्यात विमानातून सामान उतरवता येत नाही, असं सांगण्यात आलं.

आणि साराची छाती वाजायला लागली.

आई झालेल्या बाईला तो आवाज सांगावा लागत नाही. आधी बारीक शिट्टी, मग गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जाणं, मग मुलाचं बोलणं बंद होणं. साराने माझ्या कोटाची कॉलर घट्ट धरली होती. मी चौकशीच्या खिडकीशी धावले. तिथल्या मुलीने लगेच फोन उचलला. प्रथमोपचाराची माणसं दुसऱ्या विमानातून उतरताना पडलेल्या एका प्रवाशाकडे गेली होती, त्यांना बोलावते आहे म्हणाली. अ‍ॅम्ब्युलन्सही येईल, पण रस्ता... मी शेजारच्या एकदोघांना विचारलं, अगदी हळू, अगदी रीतसर, "माफ करा, तुमच्याकडे दम्याचा पंप आहे का?" त्यांनी माना हलवल्या. मनात आलं, मी जाणं टळू दे म्हणत होते, हे त्याचंच उत्तर असेल का?

तेवढ्यात काकी बाकावर उभ्या राहिल्या. उभा जन्म तुळिंजच्या बाजारात भाजी विकण्यात गेलेला. तो आवाज त्या उंच छताखाली घुमला. "अरे, पंप आहे का कोनाकडे? पंप! पोरीला दम लागलाय! दम!" एका हाताने छाती धरून, दुसरा हात तोंडाशी नेऊन त्या पंप ओढल्याची खूण करत होत्या. सगळ्या दालनाच्या माना वळल्या. शेकडो माणसांपैकी एकालाही मराठी कळत नव्हती.

दाराजवळून एक म्हातारी बाई उठली. पांढरे केस, हिरवा रेनकोट. चालता चालताच ती पर्स उपसत होती. तिच्या हातात निळा पंप होता, आणि त्याला जोडायची लहान मुलांची नळीसुद्धा. मी तो बघितला. साराचं औषध होतं तेच. तिने माझ्याकडे बघून होकाराची मान डोलावली. मी नळी साराच्या तोंडाला लावली. एक दाब, थांबून श्वास, पुन्हा दाब. काकी खाली उतरून साराच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, ती बाई गुडघ्यांवर बसून स्वतः श्वास घेऊन दाखवत होती. हळूहळू कॉलरवरची मूठ सैल झाली. मग सारा म्हणाली, "मम्मा, पाणी." तो शब्द ऐकून मी खाली फरशीवर बसून रडले.

प्रथमोपचाराची माणसं आली, त्यांनी ऑक्सिजन लावून तिला तपासलं, धोका नाही म्हणाली. मग त्या बाईने आपली हकिकत सांगितली. तिचं नाव ब्रीडा. सकाळी ती मुलीला आणि नातवाला विमानात बसवायला आली होती. वादळाआधी सुटलेलं ते शेवटचं विमान. ते गेल्यावर तिला पर्समध्ये नातवाचा जास्तीचा पंप सापडला, द्यायचा राहून गेलेला. हळहळत ती घरी निघाली, तर वाटेत झाड पडून रस्ता बंद. म्हणून परत येऊन बसली होती. "इतका वेळ मी त्या झाडावर चिडले होते," ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितल्यावर काकींनी ब्रीडाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "झाड पाडनारीला ठाऊक होतं." हे मात्र मला इंग्रजीत सांगता आलं नाही.

अंधार पडता पडता नेल्सन आला. चिखलाने बूट भरलेले, डोळे लाल. बापाच्या गळ्यात पडून सारा त्याला सुकेळीपासून सगळं सांगत सुटली. काकींना आम्ही आमच्याच गाडीतून त्यांच्या मुलाच्या दारात सोडलं. चारच दिवसांत त्यांना नात झाली.

आता आम्हाला इथे दोन हिवाळे झाले. साराची छाती वसईपेक्षा इथे कमी वाजते. का ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. मी इथल्या शाळेत लहान मुलांची मदतनीस म्हणून जाते. पप्पा गेल्या उन्हाळ्यात येऊन राहून गेले, परसात वाल लावून गेले, आणि नवल म्हणजे तो उगवला. काकी तुळिंजला परतल्या. दर रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आले की त्यांचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बोलनं चालू आहे ना देवाशी?"

चालू आहे. त्या दिवशी जे घडलं त्याला काय म्हणायचं, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. वारा येतो, झाडं पडतात, माणसं वस्तू विसरतात. हे रोजच घडतं. मला एवढंच माहीत आहे की ज्या वादळाला मी शिक्षा समजत होते, त्याच वादळाने एका अनोळखी आजीला माझ्या लेकीसाठी थांबवून ठेवलं होतं. पूर्वी मी देवाला काय करायचं आणि कसं करायचं, सगळं समजावून सांगत असे. आता संध्याकाळी आम्ही तिघं मेणबत्ती लावून बसतो, रोजरी म्हणतो, आणि शेवटी मी थोडा वेळ गप्प राहते. मागायचं काही आठवत नाही. मग सारा हळूच विचारते, "झालं, मम्मा?" आणि मी म्हणते, "झालं, बाळा. आता त्याला करू दे."